शेजारणीच्या सामानाची गाडी

आदिलाबाद,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय चंचल,

मागच्या रविवारी फोनवर बोलता बोलता तू विचारलंस, की बाबा, पुण्याहून आदिलाबादला घर हलवायचं तर कमीत कमी किती खर्च येतो? आणि लगेच म्हणालीस, माझ्यासाठी नाही हो, आमच्या शेजारणीसाठी, तिचं माहेरही आपल्याच भागातलं आहे. मी 'सांगतो' म्हणेपर्यंत फोन बंद. कापूस बाजारासमोर जन्मभर ट्रक बुकिंगची गादी चालवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर न ऐकता फोन ठेवायचा, याला काय म्हणावं! तेव्हा आता बैजवार ऐक. तुझी आई मघापासून म्हणते आहे, "तुमी एवढं काऊन लिहून राह्यले, फोन करा ना तिले." पण तुझा फोन हल्ली कायम स्पीकरवर असतो आणि मागं कुणीतरी खाकरत असतं. भाड्याची बोलणी अशी चारचौघांत होत नाहीत. शुभांगी दसऱ्याला माहेरी आली आहे, उद्या परत निघते. तुम्ही दोघी एकाच लॅबमध्ये, म्हणून हे तिच्याच हाती देतो. तिथंच वाच आणि तिथंच ठेव, घरी नेऊन कागदांचा पसारा वाढवू नकोस.

तर पहिली गोष्ट गाडीची. तुमच्या पुण्यातले ते टोपीवाले पॅकर्स, जे चमच्यालासुद्धा फुगे-फुगे असलेलं प्लास्टिक गुंडाळतात, ते या अंतराला तीस-पस्तीस हजारांच्या खाली बोलणार नाहीत. शेजारणीला सांग, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आपल्याला हवी परतीची गाडी. आपला महिपत दर पंधरवड्याला सरकीची पेंड घेऊन पुण्याकडच्या गोठेवाल्यांकडं जातो आणि येताना भाड्याची वाट बघत दोन-दोन दिवस पडून राहतो. रिकामं येण्यापेक्षा जे मिळेल ते त्याला गोडच. त्याच्याशी बारा हजारांवर बोलणं झालं आहे. त्यानं चौदा सांगितले, मी दहा म्हणालो, मग आम्ही दोघं अर्धा तास रागावून बसलो आणि चहा आल्यावर बारावर आलो. दोन्हीकडची हमाली, पुठ्ठ्याची खोकी, दोऱ्या, टोल, वाटेतलं जेवण धरून सगळं मिळून अठरा हजारांत घर इथं उतरतं. 'कमीत कमी'चं उत्तर हे.

मात्र परतीच्या गाडीची एक खोड असते. ड्रायव्हर कबूल करतो एक आणि थोडी जागा उरली की वाटेत दुसरा माल भरतो. अमृतराव मास्तरांची गोष्ट तुला आठवत असेल. निजामाबादहून बदली होऊन आले तेव्हा त्यांच्या गाद्या मिरचीच्या पोत्यांवर टाकून आणल्या होत्या. पुढं सहा महिने त्या घरात कुणी उशीवर डोकं टेकलं की शिंका सुरू. पाहुणे रात्री मुक्कामाला थांबेनासे झाले, आणि मास्तर म्हणायचे, चला, तेवढीच बचत! तू सातवीत होतीस, माझ्या गादीवर बसून सुंदर अक्षरात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहून द्यायचीस, आणि मास्तर तक्रार घेऊन आले तेव्हा टेबलाखाली जाऊन हसलीस. मी महिपतला बजावलं आहे, या खेपेला वाटेत एक कांदासुद्धा चढवायचा नाही. त्यानं विचारलं, एवढं कुणाचं सामान आहे? मी म्हणालो, आमच्या चंचलच्या शेजारणीचं. तो मान खाली घालून टायर बघायला गेला.

दुसरी गोष्ट, काय आणायचं. लोक इथंच चुकतात. जाताना सगळंच आपलं वाटतं, नाहीतर काहीच आपलं वाटत नाही. शेजारणीनं मधला मार्ग धरावा. जे तिच्या माहेरचं आणि जे तिनं तिच्या कमाईतून घेतलं, ते तिचं. आता उदाहरण म्हणून तुझंच घर घेऊ. तुझ्या लग्नाची भांडी आपण इथल्या बाजारातून घेतली आणि नाव घालायला टाकली. दुकानदारानं सवयीनं सगळ्यांवर तेलुगूत नावं कोरून ठेवली. तांब्यापासून परातीपर्यंत एकाही भांड्यावर मराठी अक्षर नाही! हळदीच्या दिवशी ते उघडकीला आलं, तुझी आई रडायला लागली आणि मी दुकानदाराशी भांडून आलो. पुण्यात तुझ्या सासूबाईंनी ती भांडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून हसं केलं, हे तूच सांगितलं होतंस. आज तीच चूक कामाला येते बघ. तुझ्या घरात तेलुगू अक्षर असलेलं प्रत्येक भांडं तुझं, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. शेजारणीचीही अशी काही खूण असेल. शिवणयंत्र तिनं स्वतःच्या पगारातून घेतलं असेल तर ते आणावं. सोफा, कपाट आणि टीव्ही तिथंच राहू द्यावा. त्या वस्तूंसाठी दारात उभं राहून बोलणी खाण्यात शहाणपण नाही, आणि गाडीतही जागा लागते.

कागद मात्र गाडीत टाकायचे नाहीत, अंगाबरोबर आणायचे. आधार, मार्कलिस्टा, लॅबच्या कोर्सचं सर्टिफिकेट, लेकराचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला. आणि एक गोष्ट तिला नीट समजावून सांग. निघण्याच्या आधीच नवीन बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं उघडावं आणि पगार तिकडं वळवून घ्यावा. कार्ड दुसऱ्याच्या खिशात असलेल्या खात्यात पगार जमा होत असेल तर तो पगार तिचा नाही. शुभांगी या कामात मदत करील, मी तिच्याशी बोललो आहे. तिला शेजारणीबद्दल माझ्याहून जास्त माहीत आहे असं दिसलं.

आता इथं उतरल्यावरचं. गाडीचं भाडं हा सगळ्यात छोटा खर्च, हे माझं जन्मभराचं ज्ञान. माणसं भाडं जमवतात आणि पुढच्या सहा महिन्यांचा विचार करत नाहीत, मग हताश होऊन आली त्या गावाला परत जातात. बसस्टँडजवळच्या लॅबवाल्या डॉक्टरांना मी विचारलं. पुण्याच्या निम्मा पगार देतील, पण काम लगेच आहे. लेकराची शाळा म्हणशील तर दिवाळीची सुट्टी हाच बदलायचा मोका. इथं पहिलीपासून तेलुगू आहे, त्याची थोडी शिकवणी लावावी लागेल. शेजारणीचीही मुलगी पहिलीतच आहे म्हणालीस, आपल्या सुनयनाएवढीच, तेव्हा तिला काही जड जाणार नाही. या वयात पोरं बाजारात हिंडूनच भाषा उचलतात. तू तर शाळेत जायच्या आधी भाजीवालीशी तेलुगूत भांडायचीस. किराणा, गॅस, फी, शिकवणी, दवाखाना, सगळं धरून सहा महिन्यांची तरतूद लाखाच्या आत बसते. तिला म्हणावं, पैशाची चिंता तू करायची नाहीस. तिच्या वडिलांशी माझं बोलणं झालं आहे. माणूस हेकट आहे, जेवताना सल्ले देतो, टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो, पण लेकीच्या बाबतीत हात आखडता घेणारा नाही. मी त्याला चांगला ओळखतो.

घरचं ठीक आहे. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तरी तिनं परवा वरच्या खोलीतली सगळी पोती, जुनी वजनं आणि मोडका कूलर एकटीनं खाली काढला. मी ओरडलो तर म्हणते, "कधीपासून पसारा पडून होता, मले दिसून राह्यला होता." तिनं खोलीला चुना दिला, खिडकीची जाळी बदलून घेतली आणि तामसीच्या बाजारातून दोन गोधड्या आणल्या, एक मोठी, एक लहान. मी तिला शेजारणीबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. तिनंही मला काही विचारलेलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही असे पुष्कळदा एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसलो आहोत. यंदा कापूस बरा आहे, गादीवर गर्दी होईल. बिल्ट्या लिहायला ठेवलेल्या मुनिमाचं अक्षर असं, की गेल्या आठवड्यात बेल्लमपल्लीचा माल बासरला जाता जाता राहिला.

चंचल, शेजारणीचं हे सोंग मी पत्राच्या शेवटपर्यंत सांभाळायचं ठरवलं होतं. हे पत्र देवानंदच्या हाती पडलं तर तुला त्रास नको, म्हणून. पण आता नाही जमत. तुझ्या मजल्यावर समोर एक म्हातारं जोडपं राहतं आणि बाजूचं घर वर्षभर बंद आहे, हे मी स्वतः येऊन पाहिलेलं आहे. तू महिन्याला बत्तीस हजार मिळवतेस आणि तुझ्या फोनचा रिचार्ज तुझी आई इथून करते. तू 'कमीत कमी' म्हणालीस तेव्हा तुझा आवाज इतका दबलेला आला, जसा लहानपणी खाऊसाठी पैसे मागतानाही कधी आला नव्हता. तेव्हा तू हक्कानं मागायचीस. देवानंद तुझ्यावर हात उचलतो का, हे मी विचारत नाही. उचलत असला तरी गाडी येणार आहे आणि नसला तरी येणार आहे. तुला मला कारण द्यायचं नाही, आईला द्यायचं नाही, गल्लीतल्या कुणालाही द्यायचं नाही. जावई म्हणून त्याला आजवर मान दिला, यापुढं देणार नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी महिपतच्या शेजारी बसून मी निघतो, पुण्यात शुभांगीचा नवराही आमच्याबरोबर वर येईल. चोरून काही करायचं नाही, धनत्रयोदशीला सकाळी दहा वाजता पुढच्या दारानं येईन. मनातून निघायचं नसेल तर शुभांगीजवळ तेवढं सांग, मी दिवाळीचा फराळ देऊन, सुनयनाला भेटून परत फिरेन आणि तुला कधी टोचून बोलणार नाही. आपल्यात लेकीला सणाला न्यायला मुराळी जातो. तुला भाऊ नाही म्हणून आठ वर्षं तो मान माझाच आहे. दर वेळी मी पिशवी घेऊन आलो, चहा प्यायलो, आणि निघताना दारात तुझ्या सासूबाईंनी तोच प्रश्न विचारला, परत कधी धाडता? दर वेळी मी भाऊबीजेनंतरचा एखादा वार सांगितला आणि त्या वाराला तुला नेऊन सोडलं. याही वेळी त्या विचारतील. मी हात जोडून सांगणार आहे, की आता धाडणं माझ्या हातात नाही, तिला विचारा. आणि तू काहीही न बोलता सुनयनाचा हात धरून जिना उतरलीस तरी माझ्या दृष्टीनं उत्तर पुरेसं आहे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच मुराळी,
बाबा