बाहुल्या कुणी केल्या

जाऊबाई,

मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला एकटीला वाचता येईल. मामंजींकडून वाचून घेऊ नका.

काल तळेगावच्या स्वदेशी प्रदर्शनात तुमच्या बाहुल्या मांडल्या. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या बाईंनी लुगडं नेसलेली बाहुली उलटीसुलटी करून टाके पाहिले आणि विचारलं, "कुणी केल्या?" मी म्हणाले, "मीच." तुम्ही पाय मुरगळून घरी, कुणाला कळतंय, असं वाटलं असेल. संध्याकाळी पहिला नंबर माझ्या नावाने पुकारला. टाळ्या वाजल्या आणि मी हात जोडून उभी राहिले.

रात्री तुम्ही विचारलंत, "आवडल्या का गं कुणाला?" मी "बऱ्या आहेत म्हणाले" एवढंच सांगितलं. तुम्ही लगेच म्हणालात, "टाके जाड पडलेत माझे." तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही.

पहिल्या गाडीने पुढे जाते. प्रदर्शन उघडायच्या आधी बाईंना खरं सांगून तुमचं नाव लावून घेते. बक्षीस आज दुपारी तीनला देणार आहेत. भावजी तुम्हाला टांग्याने लोणावळा स्टेशनवर आणतील आणि गाडीत सोबत बसतील. कशासाठी ते त्यांना सांगितलेलं नाही.

हिरवं लुगडं काढून ठेवलंय. माझ्याशी बोलू नका वाटलं तर, पण या.

द्वारका