उटकटारीची मुळी

कापडणे, २ नोव्हेंबर १९८७

चि. शालिग्राम यास प्रमिलेचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. मायने नेहमीसारखं दोनदा वाचून घेतलं. तिला अक्षरओळख नाही, म्हणून तुम्हा मायलेकांमध्ये माझा पोस्टमन झाला आहे, आणि त्याचा पगार म्हणून दिवाळीला बोदवडहून साधी चिवड्याची पुडीसुद्धा आली नाही!

सौ. वत्सलेला नववा लागला हे ऐकून माय बरडावर जाऊन उटकटारी पाहून आली. लहानपणी तू पळता पळता त्या काट्यांत पडला होतास, आठवतं? बाळंतपण अडलं की तिची मुळी केसांत बांधायची आणि मूल झालं की लगेच सोडायची, हे मायने गावातल्या कितीतरी घरी केलं. पण दीड वर्षापूर्वी तुझं बाळ गेलं तेव्हापासून तिने एकही मुळी खणलेली नाही. कुणी बोलवायला आलं तर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसते. काल पहिल्यांदा आपणहून बोलली, शाली मला बोलावेल का, म्हणून. काय ते लवकर लिही.

तुझी,
प्रमिला


बोदवड, ९ नोव्हेंबर १९८७

ती. अक्कास शालिग्रामचा सा. न. वि. वि.

चिवडा राहिला, चूक कबूल. वत्सला बरी आहे, फक्त पायांना सूज आहे. तिचं नाव भुसावळच्या दवाखान्यात घातलं आहे.

मायने येऊ नये. मुळी तर आणूच नये. मागच्या खेपेला मुळी बांधून आपण सकाळपासून दुपारपर्यंत वाट पाहत बसलो. दोन तास आधी आणलं असतं तर मुलगा हाती लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यातला कंपाउंडर, रोज दुसऱ्यांना शहाणपण सांगतो, आणि माझ्याच घरी गप्प बसलो. मायवर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि माझ्यावर त्याहून जास्त आहे.

मूल झालं की मीच तिला न्यायला येईन. हे तिला बेताने सांग. मला गोड लिहिता येत नाही, ते तुझं काम.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
तुझा,
शालिग्राम


कापडणे, १५ नोव्हेंबर १९८७

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावू नकोस. तू नको म्हणालास तरी माय निघाली. तिचा हट्ट तुला ठाऊकच आहे. काल संध्याकाळी तिने उटकटारीला हळदकुंकू वाहून आवतण दिलं आणि आज, रविवारी, दिवस उगवायच्या आत लाकडी खुंटीने मुळी खणली. खणल्यापासून बांधेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर मुळीचा गुण जातो. म्हणून ती मुकी निघाली आहे. मुळी पदराच्या गाठीत आहे.

मी सोबत येणार होते, पण यांना ताप आहे. धुळ्याला तिला गाडीत बसवलं. चाळीसगावला गाडी बदलायची आहे, तेवढं शेजारच्या बाईला सांगून ठेवलं. पोचली की दोन ओळी टाक. आणि दारात आली तर तिला परत पाठवू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
प्रमिला


बोदवड, ३ डिसेंबर १९८७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

दहाव्याला तू समोर होतीस, पण चार माणसांत बोलता आलं नाही.

सोमवारी, सोळा तारखेला, भुसावळला मुलगी झाली. दोघी सुखरूप म्हणून मी पेढे वाटत होतो. माय घरून निघाली आहे हे मला बुधवारी तुझ्या पत्राने कळलं. चाळीसगावला ती उलट्या दिशेच्या गाडीत चढली. ज्या बाईला तू सांगितलंस ती आधीच उतरून गेली असेल. एका शब्दाने कुणाला विचारलं असतं तर कुणीही तिला योग्य गाडीत बसवलं असतं. ती मनमाडला उतरली आणि तीन दिवस फलाटावर बसून राहिली. पोलिसाने नाव विचारलं, गाव विचारलं, ती फक्त मान हलवायची. मुकी समजून त्यांनी सोडून दिलं. थंडीने ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेलं.

एकेक स्टेशन विचारत शनिवारी मी तिथे पोचलो. तिला सांगितलं, माय, मुलगी झाली, वत्सला बरी आहे, आता बोल. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांना पाणी आलं, पण शब्द नाही. छाती भरली होती म्हणून बोलवत नव्हतं असं डॉक्टर म्हणतात. मला ते पटत नाही. रविवारी ती गेली.

अक्का, माझं ते पत्र ऐकून ती निघाली. मला चुकीचं ठरवायला निघाली, आणि माझ्याशी न बोलता गेली. एवढा कसला हट्ट? मी मुलीला मांडीवर घेतो आणि मला मायचा राग येतो, मग रडू येतं. ही गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही.

तुझा,
शालिग्राम


कापडणे, ८ डिसेंबर १९८७

चि. शालिग्राम यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मायने हट्ट केला नाही. मी खोटं लिहिलं. तुझं पत्र आलं तेव्हा ती ओट्यावर तूर निवडत होती. सूप बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मला तुझे शब्द वाचवेनात. नको म्हटलंय एवढं जरी सांगितलं असतं, तरी तिने ऐकलं असतं. "त्याले नको तं ऱ्हाऊ दे," म्हणून परत तूर निवडत बसली असती. पण दीड वर्ष तिची पाठ बघून मी कंटाळले होते. मला वाटलं, ती दारात उभी राहिली की तू विरघळशील. मी कागद समोर धरला आणि माझ्या मनातलं वाचलं. माय, मागचं विसर, तुझ्या हाताशिवाय वत्सला सुटायची नाही, मुळी घेऊन लवकर ये, असं.

तिला राग नव्हता रे. तू बोलावलंस म्हणून ती निघाली होती. मनमाडला तोंड उघडलं नाही ते तुझं मूल जगावं म्हणून.

त्या दिवशीही तिने पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा मला माझेच शब्द नीट आठवेनात, मी अडखळले. तेव्हा पुढचं सगळं तिनेच म्हणून दाखवलं. तिला पाठ झालं होतं.

लोभ असावा असं लिहायला मला तोंड नाही.

प्रमिला