बाबांच्या चालीचा सिग्नल

४ जून
साहेबांनी सकाळीच झापलं. "शहर वाढतंय आणि तुमचा चौक तुंबतोय!" नव्या वसाहतींची सगळी वाहनं त्या एका चौकात येतात. रांग पार पुलापर्यंत. पायी जाणाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ कापला तरच हलेल. किती कापायचा? वयस्कर माणसाला रस्ता ओलांडायला लागतो तेवढा ठेवायचा — खात्याची रीत. म्हातारा कुठून आणू?
घरात आहे.

५ जून
बाबा हरखले. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस, आता गुडघा धरून अंगणापर्यंत जातो. "तुझ्या साहेबांसमोर चालायचं? मग दाढी करायला हवी."
आई म्हणाली, "त्यांना कशाला ताणतोस?"
"बसून तरी काय करतात?" — बाबांच्या समोरच म्हणालो.

६ जून
चाचणी. वाहतूक अडवलेली, साहेबांच्या हातात घड्याळ. बाबांना कडेला उभं करताना कानात सांगितलं, माझी लाज काढू नका. पलीकडे जाऊन हाक मारली, "चला बाबा, चला!" ते जवळजवळ धावलेच. अठरा सेकंद!
साहेब म्हणाले, "तुमचा म्हातारा घोडा आहे हो!" सगळे हसले. बाबाही, धापा टाकत.
खरं तर पाच माणसं चालवायची असतात. एकावरच भागवलं. ऊन फार होतं.
संध्याकाळभर आई त्यांचा गुडघा शेकत बसली.

१२ जून
अठरा सेकंद लागू. रांग पुलावरून हटली. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला.

१५ जून
जेवताना बाबा म्हणाले, "सिग्नल जरा घाईचा झालाय रे."
"तुमच्याच पायांवर ठरलाय. आता कुरकुर नको."
"तेही खरंच," म्हणाले. आईचा घास हातातच राहिला.

२३ जून
बाबा गेले.
चष्म्याची काडी बसवून आणायला निघाले होते. निम्मा रस्ता झाला आणि दिवा बदलला. ट्रकवाला रडत सांगत होता, "दादा, मागे फिरले नाहीत हो. पळायला गेले." त्याची चूक नाही. त्याला हिरवा होता.

४ जुलै
साहेब भेटायला आले. दारातून निघताना हळूच म्हणाले, "वेळ वाढवायचा का?"
मी म्हणालो, "एका अपघातावरून कसं ठरवणार?"
त्यांना हायसं वाटलं. मलाही! मागे वळलो तर आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

११ जुलै
पुढच्या चौकाची चाचणी ठरली. म्हातारं माणूस हवं. आईच म्हणाली, "मी येते. पण आधी यांच्या चौकात. साहेबांना बोलाव. वाहनं अडवायची नाहीत. दिवा लागला की मी निघेन — माझ्या चालीने. आणि तू पलीकडून हाक मारायची नाहीस."