लपणापर्यंत सोबत

ती. हेर्डिसताईस,

धाकट्या भावाचा हातमोजे काढून नमस्कार. (लगेच पुन्हा घातले. एप्रिल संपत आला तरी स्वयंपाकघरातसुद्धा बोटं वळत नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? बर्गेनचा पाऊस थांबला का, हे विचारत नाही. तो थांबल्याचं आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. माझी प्रकृती ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. घरही स्वच्छ आहे, कारण पसारा करायला मी एकटाच आणि मला तेवढाही उत्साह उरलेला नाही.

बोर्गिल्डला पोचवून आलो त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तू माझ्याकडून शब्द घेतलास, तो मी विसरलेलो नाही. मे संपेपर्यंत एकट्यानं निभावलं नाही, तर घर विकून तुझ्या मागच्या खोलीत यायचं. आणि निभावलं हे ओळखायचं कसं, तर दरवर्षीसारखे गावच्या कॅलेंडरचे बारा फोटो काढून दाखवायचे. (बायको गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भावाला परीक्षेला बसवणारी बहीण बर्गेनपासून आमच्या फिनमार्कापर्यंत तू एकटीच असशील.) तर ताई, अकरा झाले. खडकावरचे सील झाले, हिवाळ्यातला पांढरा कोल्हा झाला, समुद्रात उतरलेलं रेनडिअर झालं, बर्फाच्या वादळातला बोटींचा धक्काही झाला, त्यात दिसत काहीच नाही तरी लोक ओळखतात. अडलंय ते समुद्रगरुडापाशी.

पाखरांचे फोटो काढायचं आमचं लपण तू पाहिलेलं आहेस. टोकावरच्या खडकात फळ्यांची ती खोली, कपाटाएवढी. समोर कॉड माशांची मुंडकी टाकायची आणि आत गारठत बसायचं. पण गरुड वरून सगळं पाहत असतो, आणि त्याला काही चुकून दिसलं नाही तर डोमकावळे चुगली करतात. म्हणून इथे सगळेच दोघं मिळून जातात. दोघांनी आत जायचं, एकानं लगेच बाहेर पडून घरी चालू लागायचं. पाखरांना वाटतं, आलेलं माणूस गेलं. बोर्गिल्डनं हे काम बावीस वर्षं केलं. पक्ष्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. पिवळा रेनकोट घालून माझ्याबरोबर यायची, मला आत कोंबायची आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "बस आता गारठत. मी चालले कॉफी प्यायला."

ऑक्टोबरपासून मी एकटाच जातो. डोमकावळे छपरावर बसून माझ्या नावानं बोंब मारतात आणि गरुड पलीकडच्या बेटावरून इकडे फिरकत नाही.

मग शेजारच्या ओडवारला गळ घातली. चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, चारशे पावलं चालायला त्याला काय धाड भरली होती? आला. आत शिरला, बाकावर बसला आणि थर्मास उघडला. मी तीनदा सुचवलं की आता तू निघायचं असतं. तो म्हणाला, निघतो की, एवढी काय घाई आहे. सत्त्याऐंशी सालच्या वादळापासून सुरुवात केली ती पाच तासांनी त्याच्या जावयापर्यंत आली. शेवटी आम्ही दोघंही बरोबरच बाहेर पडलो. दुसऱ्या खेपेला बिचारा खरंच लगेच गेला, पण अर्ध्या तासात गरम वाफल आणि तपकिरी चीज घेऊन परत आला, कारण मी आत उपाशी आहे हे त्याच्या मनाला लागलं होतं. (वाफल चांगले होते. मी त्याला बोललो नाही.)

तेव्हा मीच डोकं चालवलं. पाखरांना माणूस कळत नाही, कोट कळतो. मी माझा निळा कोट घालून लपणात गेलो आणि थोड्या वेळानं बोर्गिल्डचा पिवळा रेनकोट चढवून, टोपी ओढून, तिच्यासारखाच जरा डावीकडे झुकत बाहेर पडलो. ताई, अभिनय इतका उत्तम वठला की छपरावरचे कावळे उडून गेले. अर्ध्या वाटेवर आल्यावर पंखांचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर गरुडांची जोडी मुंडक्यांवर उतरलेली, उन्हात, कॅमेऱ्यापासून दहा हातांवर. कॅमेरा लपणात होता. मी रस्त्यावर होतो. आत कुणीच नव्हतं.

हसलीस ना? मीही हसलो. तोवर ओडवारच्या खिडकीशी पोचलो होतो. तो आत टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं लांबून पिवळा कोट घराकडे येताना पाहिला होता. मला ओळखल्यावर त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि खाली बसला. मी घरी आलो, कोट तिच्या खुंटीला अडकवला आणि तिथेच उभा राहिलो. फार आठवण येते ताई. बाकी सगळं ठीक आहे, काळजी नसावी.

तुझा,
सिगवाल्ड

ता. क. मेच्या पहिल्या आठवड्यात येऊन जाशील का? काम सोपं आहे. माझ्याबरोबर लपणापर्यंत चालत यायचं आणि मला आत सोडून निघून जायचं. गुडघ्याची सबब चालणार नाही, ओडवारनं वाटेवरचा बर्फ काढून ठेवला आहे. यात 'एकट्यानं' ही तुझी अट मोडते, हे मला कळतं. मोडू दे.

ता. क. २. लिफाफा चिकटवला होता, पुन्हा फोडला. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. गरुडाचा फोटो मंगळवारीच मिळाला. घरामागे टाकलेली मुंडकी खायला तो आपणहून आला आणि मी सपाता घालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून टिपला. बारा पुरे झाले. मी परीक्षेत पास झालो, तुझी खोली तू खुशाल दुसऱ्याला दे. निभावत मात्र काही नाही. म्हणून ये. लपणात दोघं बसू, कॉफी तिथेच पिऊ आणि घरी परतताना तू माझ्याबरोबर चाल.