बेसच्या तारा, चौदा सोलेसमध्ये

१ जून, सोमवार.
आजपासून रोजनिशी. सव्वीस वर्षं कुंबियाच्या नाच-बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाचे विचार वाया जाऊ नयेत.
सान हुआनच्या सणाला तेवीस दिवस. काल तालमीत आमच्या बँडचे एर्मो मास्तर म्हणाले की माझा बेस ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा वाजतो. मी कौतुक समजलो. त्यांनी तीनदा सांगितलं.
तारा नऊ वर्षांच्या आहेत. आवाज मुरलाय. पण सणाला थोडी चकाकी हवी, हे मान्य.
बाजारात नवा सेट एकशे चाळीस सोलेस. इकितोसला बाहेरून रस्ता नाही, सगळं विमानाने येतं म्हणे, म्हणून. मी दुकानदाराला म्हटलं, मग तारेला खिडकीची सीट दिली होती का. तो हसला नाही.
निश्चय: जुन्याच तारा नव्या करणे. बजेट पंधरा सोलेस.

३ जून.
लिमाहून मिर्ताचा फोन. चार वर्षांनी पोरगी घरी येतेय. बावीसला. पप्पांसाठी काय आणू, म्हणाली. लिमात तारा निम्म्या भावात मिळतात. मागे उभी राहून ओर्फेलिना हवेत गिटार वाजवून खुणा करत होती. बायकोच्या खुणा मला समजत नाहीत, हे धोरण आहे.
बापाने पोरीकडे तारा मागायच्या? ती तिथे औषधाच्या दुकानात दहा-दहा तास उभी असते. मी म्हटलं, "काही नको पोरी, नुसती ये. माझा बेस घंटेसारखा वाजतोय."
आता तो घंटेसारखा वाजणं आलं. एकोणीस दिवस आहेत. पुष्कळ झाले.

६ जून, संध्याकाळी साडेसहा.
तारा नव्या करण्याचा व्हिडिओ पाहिला. तारा उकळायच्या, बस. ओर्फेलिना बाजारात गेली होती. तिचं सणाचे हुआने उकडायचं मोठं पातेलं रिकामं होतं. वीस मिनिटं उकळल्या. पाण्याला नऊ वर्षांचा रंग आला.
तारा चढवल्या. थक्क. अगदी नव्या. पहिला सूर लावला तशी शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली. नंतर जोरात बंद केली. भारावल्या असाव्यात.

७ जून.
चकाकी गेली. हवेत दमटपणा फार. दोष पद्धतीचा नाही.
ओर्फेलिनाला पातेल्याचा वास आला. तिच्याकडे दोनशे हुआन्यांची ऑर्डर आहे, म्हणजे कोंबडी-भाताच्या दोनशे पुरचुंड्या बांधून त्याच पातेल्यात उकडायच्या. मी म्हटलं, लोह रक्ताला चांगलं. तिने पातेलं राखेने चारदा घासलं. माझ्याशी बोलत नाही. सरावाला शांतता मिळेल.

९ जून.
नवी पद्धत: दारू. उसाची, बाटली आठ सोलेस. तारा उतरवून झाकणाच्या डब्यात बुडवल्या. दोन दिवस हलवायचं नाही.

११ जून.
मेहुणा तेओफिलो आला होता. मी घरी नव्हतो. डबा अर्धा रिकामा. म्हणाला, "दाजी, तुमच्या दारूत बळ आहे." किती प्यालास विचारलं तर म्हणाला, तारा लागेपर्यंत.
परिणाम: तारा अर्ध्या स्वच्छ, अर्ध्या जुन्या. एका तारेत दोन स्वभाव. असं अजून कुणी केलेलं नसावं.

१४ जून.
तारा परत चढवल्या. सगळ्यात बारीक तार खुंटीपाशी तुटली. गालाला लागली.
जुनी तार वारंवार सोडली-पिळली की तुटते, हे त्या व्हिडिओत बाराव्या मिनिटाला सांगितलंय. मी चौथ्या मिनिटाला समजलं म्हणून बंद केला होता. अशा गोष्टी आधी सांगाव्यात.

१५ जून.
बारीक तार तशी फारशी लागत नाही. मोजून पाहिलं. आमच्या बावीस गाण्यांपैकी बावीस गाण्यांत लागते.

१६ जून.
उपाय सापडला. कोपऱ्यावरच्या गॅरेजात मोटोटॅक्सीची क्लच केबल मिळते. सहा सोलेस. पोलाद ते पोलाद. मेकॅनिकने विचारलं गाडी कुठली. मी म्हटलं, बेस गिटार. त्याने तरी वर्षाची गॅरंटी दिली.
केबल बसली. सुरात येते आणि लगेच निघून जाते. बोट कापलं. एकूण खर्च चौदा सोलेस. बजेटमध्ये एक सोल शिल्लक. लोक उगाच पैसे उधळतात.

१८ जून. तालीम.
मास्तरांनी तीन गाणी ऐकली आणि ते दागोबेर्तोला बाहेर घेऊन गेले. दागोबेर्तो म्हणजे आमचा कीबोर्डवाला, निवृत्त भूगोल शिक्षक. दोघं आंब्याखाली बराच वेळ बोलले. अधूनमधून माझ्याकडे बघत होते. बहुतेक मला एकट्याला वाजवायला एक तुकडा देणार. चेहरा साधा ठेवला.
नंतर दागोबेर्तो डाव्या हातानेही बरंच काही वाजवत होता. मी म्हटलं, सर, डावा हात आवरा, माझ्या मधे येतो. तो म्हणाला, सांधे धरलेत, डॉक्टरांनी हलवायला सांगितलंय. बिचारा.

२२ जून.
मिर्ता आली. वाळलीय. आईला शाल, मला निळा शर्ट. तुम्ही नको म्हणालात म्हणून तारा आणल्या नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, बरोबर केलंस.
तिने बेस उचलला. क्लच केबलवर बोट फिरवून हे काय विचारलं. मी सगळी पद्धत समजावली, दारूसकट. आईसारखी बघते हुबेहूब. मग विचारलं, मी लहान असताना पाय हलवत ऐकायचे ते गाणं अजून वाजवता का. म्हटलं, तेच तर शेवटी आहे.

२४ जून. सान हुआन. संध्याकाळी सात.
दुपारी तीनला नदीकाठच्या स्टेजवर चढलो. निळा शर्ट. समोर अख्खं गाव. पहिल्या सुरापासून बेस असा वाजला की मलाच खरं वाटेना. गोल, भरीव, स्वच्छ. एकही सूर घसरला नाही. क्लच केबलसुद्धा सुरात. तिसऱ्या गाण्यात दोन्ही हातांनी घाम पुसला तरी बेस चालूच होता. चांगल्या तारांचा सूर टिकतो, हे वाचलं होतं, अनुभवलं आज.
लोक चिखलात नाचले. मिर्ता स्टेजला चिकटून उभी होती. शेवटच्या गाण्याला रडली. मास्तरांनी उतरल्यावर मिठी मारली आणि उद्या सकाळी घरी येतो म्हणाले. गहिवरले.
निश्चय: ही पद्धत इतर वादकांना शिकवणे. फुकट नाही.

२५ जून.
सकाळी मास्तर आले. मी शिकवणीचा विषय काढला. ते टोपी फिरवत बसले. मग जमिनीकडे बघत सांगितलं की काल माझा बेस दागोबेर्तोच्या डाव्या हाताने कीबोर्डवर वाजवला. माझ्या बेसची वायर स्पीकरला लावलेलीच नव्हती. यापुढेही असंच ठरलंय. बँडमधून काढत नाही, ग्विरो वाजव म्हणाले. ग्विरो म्हणजे खाचा पाडलेला वाळका भोपळा. काडीने खरवडायचा.
मी त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर मिर्ताला म्हटलं, मास्तरांचं वय झालं, काहीही बोलतात.
ती ताटं पुसत होती. पुसायची थांबली नाही.
"खरंय ते, पप्पा. मी अगदी जवळ होते. तुमच्या तारांची नुसती टकटक ऐकू येत होती."
मग रडलीस कशाला, विचारलं.
"घाम पुसलात तेवढं सोडून तुम्ही एकही ठोका चुकला नाहीत. आणि ते मला एकटीलाच ऐकू येत होतं."
मी म्हटलं, आज उकाडा जास्त आहे. ती हो म्हणाली.

२६ जून.
मिर्ता दुपारच्या विमानाने गेली. मास्तरांना होकार कळवला. ग्विरो हाच खरा कुंबियाचा कणा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.
जेवणाआधी दहा मिनिटं सराव केला. ओर्फेलिनाने आतून विचारलं, कोण काय खरवडतंय.
म्हटलं, मीच.