वरच्या खोऱ्यातली जमीन कुणाला

मी, आर्डिस लुंडीन, कै. व्हर्जिल लुंडीन यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, धंदा शेती, राहणार टॅमरॅक काउंटी, मोंटाना, माझ्या मिळकतीची व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. कानांनी कमी ऐकू येते, पण त्याचा मिळकतीशी संबंध नाही.

१. माझा पुतण्या रँडल, राहणार फिनिक्स, याला बँकेतली सर्व शिल्लक व व्हर्जिलचे घड्याळ द्यावे. जमीन देत नाही. तो इथे आला की कोट घालूनच जेवायला बसतो आणि म्हणतो, "काकू, विकून टाक ना हा बर्फाचा ढीग!" पोर मायाळू आहे, थंडीशी जमत नाही इतकेच.

२. घर, झरा, बटाट्यांचे तळघर व वरच्या खोऱ्यातली सर्व जमीन नोएमी सालसेडो व तिचा नवरा गॅरेट यांना समाईक द्यावी. ही माझ्या नात्यातली नाहीत, म्हणून कारण लिहिते.

शहर सोडून आपल्या हातांनी पिकवून खायचे ठरवलेली माणसे आमची काउंटी पारखायला दरवर्षी येतात. माझ्याच दारात थांबतात, कारण पुढे रस्ता नाही. पाणी किती, सरपण किती, माती कशी, असे विचारतात. मी खरे ते सांगते: टोमॅटो विसरा, बटाटा आणि कोबी येईल, बर्फ जूनमध्येही पडेल. बहुतेक जण गाडी वळवतात.

गेल्या शरदात ही दोघे आली. गॅरेटने तेच सगळे विचारले. निघताना नोएमी म्हणाली, "आजी, फेब्रुवारीत इथं हसायला काय असतं हो?"

हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. म्हटले, "ये आणि बघ."

खरेच दोघे आली! फेब्रुवारीत गावच्या सभागृहात आमचा नाच असतो. वादळाने रस्ता बुजला आणि सगळे तिथेच अडकलो. खायला हरणाच्या मटणाचा रस्सा, ऐकायला शेजारच्या हॉलिस मॅक्रेचे बेसूर फिडल, म्हणजे व्हायोलिन. त्याला थांबवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. नोएमीने सरळ त्याच्या हातातले फिडल काढून घेतले.

"काका, तुम्ही नाचा. हे मी बघते."

आणि काय वाजवले पोरीने! कुंपणाच्या भांडणामुळे हॉलिस आणि मी कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. तो उठला आणि माझ्यासमोर हात पुढे करून उभा राहिला.

"आर्डिस, पाय तुडवतेस," नाचताना म्हणाला.

"तू माझी हद्द तुडवलीस, तेव्हा?"

इतके हसलो की मला बसायला खुर्ची लागली. सकाळी गॅरेट सर्वांसाठी सरपण फोडत होता. कुऱ्हाड धरायची अक्कल नव्हती, पण गात होता.

३. हॉलिस मॅक्रे यास काहीही देत नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीला बसवले आहे. "म्हातारे, निदान फावडं तरी दे!" असे तो आत्ता म्हणतो आहे. मिळणार नाही.

४. नोएमी, गॅरेट, माझ्या मरणाची वाट बघत शहरात बसू नका. तसा माझा इतक्यात विचार नाही. मे महिन्यात बटाटे लावायचे आहेत आणि मला वाकवत नाही. वरची खोली झाडून ठेवली आहे. लवकर या.

वाचून, समजून सही केली.

ठिकाण: टॅमरॅक काउंटी, मोंटाना
दिनांक: ७ एप्रिल २०१४

आर्डिस लुंडीन

साक्षीदार:
१. हॉलिस मॅक्रे, शेजारी
२. बर्निस ओल्डहॅम, पोस्टमास्तर