चिऊच्या आईसाठी डॉक्टर

ताई,

मी कामावर जातेय. दूध तापवलंय, पिऊन घे. काल दार आपटलं मी, पण "बाळाचा डॉक्टर बाळ झाल्यावर बघू" म्हणालीस आणि माझं डोकंच फिरलं. मागच्या वेळी सगळं आधी ठरवलं होतं, म्हणून आता काहीच ठरवायचं नाही, हे कळतं मला. तरी मी दोन दवाखान्यांत जाऊन बसून आले.

चौकातला चकाचक डॉक्टर नको. पोर रडलं की आईवरच डाफरतो. बाजारामागच्या डॉक्टरबाई बऱ्या आहेत. स्टेथोस्कोप आधी तळहातावर घासून गरम करतात. मला म्हणाल्या, "शाळा बुडवून इथे काय करतेस?" म्हटलं, शाळा केव्हाच बुडाली, बहिणीसाठी आलेय.

मग आधीचं बाळ दोन दिवसांत गेलं ते सांगितलं. त्यांनी सगळं नीट विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "तिला हाक काय मारायचात?" आपल्या घरात तिचा विषयसुद्धा कोणी काढत नाही गं. ती पोटात असताना तू जी हाक मारायचीस, तीच सांगितली. चिऊ.

निघताना म्हणाल्या, "शनिवारी चिऊच्या आईला घेऊन ये."

मी हो म्हणून आलेय.